चौकशीच्या खोलीतली खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, आणि खुर्ची म्हटल्यावर जो मान डोळ्यांसमोर येतो तो माझ्या वाट्याला आलेला नाही. मित्रांनो, मी आरोपीची खुर्ची आहे. प्रवेश परीक्षेत कॉपी केल्याचा संशय ज्याच्यावर येतो, त्याला माझ्यावर बसवतात. टेबलापलीकडे साहेब, अलीकडे मी. माझ्या दोन्ही हातांवर आजवर कितीतरी ओले तळवे टेकले. अनुभवाने सांगते, चोराचा घाम आणि सावाचा घाम अगदी सारखा असतो.

मला घडवले तेव्हा सुतार माझ्यावर हात फिरवून म्हणाला होता, "ही माझ्या नातवंडांना पुरेल." पहिली वर्षे वाचनालयात सुखाची गेली. लोक माझ्यावर बसत, पुस्तक उघडत आणि झोपी जात. एका वजनदार वाचकाला मागे रेलून झुलायची सवय होती. "काय भक्कम खुर्ची आहे!" असे कौतुकही तोच करायचा आणि माझा मागचा पायही त्यानेच खिळखिळा केला. मी डुगडुगू लागले. मग बसणाऱ्याच्या सोयीची कोणाला पडलेली नसते, अशा खोलीत माझी रवानगी झाली.

इथे भलताच घोळ झाला. माझ्यावर बसणारा प्रत्येक जण हलतो. हलतो म्हणून साहेबांना तो घाबरलेला दिसतो. आणि घाबरला म्हणजे चोर! "कर नाही त्याला डर कशाला?" हे त्यांचे आवडते वाक्य. साहेब मनाने वाईट नव्हते, पण त्यांना सदा घाई असे.

एका सकाळी एक मुलगा आला, हलला, रडला आणि "कबूल केलंस तर लवकर सुटशील" हे ऐकून सही करून बाहेर गेला. परीक्षेत त्याच्या पुढच्या बाकावर बसलेली मुलगी त्याच्यानंतर आत आली. दोघांचे घड्याळाच्या काट्यांवरचे सगळे प्रश्न चुकले होते आणि चुकलेली उत्तरे तंतोतंत एक होती. तिनेही सही केली असती, तर तिचीही परीक्षा रद्द झाली असती आणि कॉलेज हातचे गेले असते.

सोबत तिचे मामा होते. दोन्ही मुले त्यांच्याच शिकवणीची. मामा दारातूनच कडाडले, "माझी भाची कॉपी करेल? अहो, मी शिकवलंय तिला!"

"मामा, तू बस आधी," भाची म्हणाली आणि माझ्यावर बसली. मी डुगडुगले. तिने खाली वाकून पाहिले, रुमालाची घडी केली आणि माझ्या पायाखाली सरकवली. इतक्या वर्षांत हे कोणालाच सुचले नव्हते! मी स्थिर झाले, तीही स्थिर दिसू लागली. साहेबांचा निम्मा पुरावा तिथेच गेला.

"तुझ्या मागच्यानं कबूल केलंय," साहेब म्हणाले. "तूही सही कर आणि मोकळी हो."

"काय कबूल केलंय, सर? त्यानं माझं पाहिलं, की मी त्याला दाखवलं?"

साहेबांनी कागद उलटसुलट केला. "कॉपी झाली, असं."

"मग मी नेमकं कशाला हो म्हणू? आमच्या दोघांच्या उत्तरपत्रिका बघायला मिळतील का?"

साहेबांच्या शेजारी परीक्षा समितीच्या बाई बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही उत्तरपत्रिका पुढे केल्या. मुलीचे तळवे ओले होते, ते मला कळत होते. पण आवाज कोरडा ठणठणीत.

"काट्यांचे प्रश्न सोडून बाकीचं बघा, सर. मला जमलेलं त्याला जमलं नाही, त्याला जमलेलं मला नाही. कॉपी करणारा शोधून शोधून चुकाच उचलेल का?" मग ती अडखळली. तिला काहीतरी दिसले होते आणि ते सांगणे जिवावर आले होते. मामांकडे न बघता ती म्हणाली, "हे प्रश्न आम्ही एकाच पद्धतीनं सोडवलेत. मामाच्या."

"मग? बिनचूक पद्धत आहे ती!" मामा उसळले. "यंदाच शोधलीय मी. झटपट!"

"असं?" बाई म्हणाल्या. "मग सांगा, समजा साडेचार वाजलेत. काट्यांमधला कोन किती?"

"साठ अंश!" मामांनी चुटकी वाजवली. "तासकाटा चारवर, मिनिटकाटा सहावर. मधे दोन घरं, घराला तीस. झालं!"

"आणि अर्धा तास तासकाटा काय झोपला होता? साडेचारला तो चार आणि पाचच्या मधोमध असतो हो. पंचेचाळीस."

साहेबांनी हळूच मनगटावरचे घड्याळ पाहिले. मामांनीही पाहिले आणि त्यांचा चेहरा पडला.

"म्हणजे गं... माझ्यामुळे?"

"बाकीचं जे बरोबर आलंय, तेही तुझ्यामुळेच," भाची म्हणाली. मग साहेबांकडे वळली. "सर, बाहेर तो अजून रडतोय. त्याची सही रद्द करा. सुटायला मिळेल म्हणून केलीय त्यानं."

बाईंनी मुलाला आत बोलावले आणि त्याच्यासमोर तो कबुलीजबाब फाडला. दोघांवरचा आरोप गेला. चुकलेल्या उत्तरांचे गुणही गेले. ते जायलाच हवे होते.

मित्रांनो, तुमच्यावर असा आळ आला तर रडू आले तरी लाजू नका. पण सही करण्याआधी विचारा, नेमके काय केले म्हणता आणि कशावरून? पुढे कधी टेबलापलीकडे बसायची वेळ आली, तर समोरच्याच्या घामाला पुरावा समजू नका. आमच्यासारख्या डुगडुगणाऱ्यांना जरासा आधार द्या, मग बघा कोण किती हलते ते.

आता मामांचे सांगते. भाची हसत निघाली, पण मामा तिच्याही पुढे दाराबाहेर.

"अरे मामा, घर इकडे आहे!"

"घर नंतर. शिकवणीत अख्खा वर्ग तासकाटा चारवर बांधून बसलाय. आधी तो सोडवून येतो."