वॉटर बाथचं चुकलेलं तापमान

मी प्रयोगशाळेतला एक जुना वॉटर बाथ आहे. नाव भारदस्त, पण मी म्हणजे झाकण असलेली स्टीलची पेटी. पोटात पाणी, तळाशी हीटर आणि पुढे आकडे कोरलेलं गोल बटण. बटण साठावर ठेवलं की पाणी साठ अंशांवर धरून ठेवायचं, एवढंच माझं काम. मित्रांनो, तेवढंही मला जमलं नाही.

सुरुवातीची वर्षं सुखाची होती. प्रयोगशाळेची देखभाल करणारे मामा दर सोमवारी माझं पाणी बदलत, त्यात तापमापक बुडवत आणि म्हणत, "बरोबर आहेस रे बाबा!" प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले मोठे सर पाहुण्यांना सांगत, "वीस वर्षं झाली, एका अंशाने इकडचं तिकडे नाही." ते ऐकून मी आतल्या आत फुगत असे.

मग आवळ्यावर संशोधन करणारी एक मुलगी आली. मैत्रिणी तिला आवळाताई म्हणत. ती आवळे वाळवून दळायची, भुकटी पाण्यात घालून तो चंबू दोन तास माझ्यात ठेवायची आणि अर्क गाळून घ्यायची. आवळ्यात शरीराची झीज रोखणारी अँटिऑक्सिडंट द्रव्यं असतात, ती तिला काढायची होती. एका जांभळ्या द्रावणात अर्काचे थेंब टाकले की जांभळा रंग उडून पिवळा यायचा. रंग जितका उडेल तितका अर्क चांगला. ती मामांना हाक मारायची, "मामा, बघा, उडाला!"

पुढे मामा निवृत्त झाले. तापमापक फुटला; नवा मागवायचा अर्ज सरांच्या टेबलावर पडून राहिला. त्यातच खोलीला रंग द्यायचा म्हणून मला बाहेर काढताना मी दाराच्या चौकटीवर आपटलो आणि माझं बटण निखळलं. कोणीतरी ते अंदाजाने परत बसवलं. ते वाकडं बसलं होतं. आता बटण साठ दाखवायचं आणि पाणी ऐंशीच्या वर तापायचं. मला ते कळत होतं, पण सांगणार कसं?

जास्त उष्णतेने आवळ्यातली बरीच द्रव्यं नासू लागली. जांभळा रंग उडेना. आवळाताईने भुकटी बदलली, गाळणकागद बदलला, सुट्टीच्या दिवशीही येऊन प्रयोग केले. रंग जागचा हलेना.

शेवटी सरांनी तिला माझ्यासमोरच विचारलं, "आधीचे आकडे इतके चांगले कसे आले होते? खरं सांग, मनाचेच लिहिलेस ना?"

ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "नाही हो सर! मामांनीही पाहिलंय. आपण एकदा बाथ तपासूया का?"

"यंत्रावर ढकलू नकोस. त्याने वीस वर्षांत कधी दगा दिला नाही."

ज्या कौतुकाने मी फुगायचो, त्यानेच तिचं तोंड बंद केलं. तिने वही मिटली, चंबू धुऊन पालथे घातले आणि ती निघून गेली.

चार महिन्यांनी मामा सरांना सहज भेटायला आले. मी साठावर लावलेला होतो. सवयीने त्यांनी माझं झाकण उचललं आणि वाफ लागताच हात मागे घेतला. "सर, हे साठ नव्हे!" त्यांनी शेजारच्या प्रयोगशाळेतून तापमापक आणून पाण्यात बुडवला. त्र्याऐंशी.

सरांनी तिथूनच आवळाताईला फोन लावला. "चूक माझी होती. परत ये, सगळं पुन्हा करू."

"सर, मी नोकरी धरलीय," ती शांतपणे म्हणाली. "आणि आता प्रत्येक आकडा लिहिताना मला तुमचा तो प्रश्न आठवेल. नको."

सरांनी फोन ठेवला. माझं पाणी तसंच वाफाळत होतं, पण बटण बंद करायचं कोणाच्याच लक्षात आलं नाही.

मित्रांनो, मला भंगारात टाकलंत तरी माझी तक्रार नाही. फक्त उद्या तुमच्यासमोर कोणी रडवेल्या आवाजात म्हणालं, "एकदा तपासूया का?" तर तेवढं तपासा. दोन मिनिटं लागतात.