क्लचबाईंना वकील हवी

चौथ्या वकिलाने चष्मा काढून टेबलावर ठेवला तेव्हाच क्लचबाईंना कळलं, इथेही आपली डाळ शिजत नाही.

"बाई, मला तुमचं काम घेता येणार नाही," म्हातारे वकीलसाहेब म्हणाले. "कारण मात्र विचारू नका."

"विचारणारच. आधीच्या तिघांनी हेच सांगितलं. तिघांनीही बोलताना माझ्याकडे पाहिलं नाही, तुम्हीही बघत नाही."

म्हाताऱ्यांना हसू आवरेना. त्यांनी आवाज खाली आणला. "तुमच्याबद्दल नाही, सर्वसाधारण गोष्ट सांगतो. नवरा-बायकोच्या भांडणात जो आधी येऊन माझ्यासमोर बोलला, त्याचं बोलणं माझ्या पोटात गेलं. मग दुसऱ्या बाजूचं काम मला घेता येत नाही. आता तुम्ही शहाण्या आहात."

क्लचबाई शहाण्याच होत्या, फक्त जरा उशिरा. जिना उतरता उतरता त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरगुती खटले घेणारे वकील या शहरात चार. महिन्यापूर्वी मालक, म्हणजे त्यांचा नवरा, दोन दिवस इस्त्रीचा शर्ट घालून 'टायरवाल्याकडे जातो' म्हणत होता. टायरवाल्याकडे इस्त्री करून कोण जातं? पठ्ठ्या चौघांसमोरही अर्धा अर्धा तास बसून आला होता. काम कुणालाच दिलं नाही. स्वतःचा वकील केला तो बहिणीच्या गावचा, आणि बायकोसाठी मागे शिल्लक ठेवला भोपळा.

घटस्फोट मालकाला हवा होता, तसा तो क्लचबाईंनाही हवाच होता. त्यात भांडण नव्हतं. भांडण होतं दहा वर्षांच्या लेकीचं. मुलीला आपल्या ताब्यात द्या, तिला आत्याकडे ठेवतो, असा अर्ज मालकाने दिला होता. आज पाचच्या आत वकिलाच्या सहीने उत्तर दाखल झालं नाही, तर शनिवारी लेक आत्याच्या गावाला जाणार होती आणि निकाल लागेपर्यंत तिथेच राहणार होती. नोटीस आली त्याला आठ दिवस झाले होते, आणि आठही दिवस या चौघांच्या दारात बसण्यात गेले होते. क्लचबाईंनी घड्याळ पाहिलं. तीनला पाच कमी.

तीनला एक शिकवणी होती. दुसरं काही सुचेना, म्हणून त्या शिकवणीला गेल्या.

आता क्लचबाई हे काही त्यांचं बारशातलं नाव नव्हे. दोघांची मिळून ड्रायव्हिंग स्कूल होती. पाटीवर नाव मालकाचं, आणि शेजारच्या सीटवर जीव मुठीत धरून दिवसभर "क्लच, क्लच, आधी क्लच" असं ओरडणाऱ्या या. निम्मं शहर त्यांनी रस्त्यावर आणलं होतं. अशा धंद्यात एक खोड लागते. माणूस कसा आहे हे ती व्यक्ती गाडी कशी चालवते त्यावरून ठरवायचं. नवरा-बायकोचं बाकी कशात जमलं नाही, या खोडीत मात्र दोघं सारखी होती.

तीनची शिकाऊ बाई कोपऱ्यावरच्या लाँड्रीसमोर फाइल छातीशी धरून उभी होती. परीक्षेत सहा वेळा नापास. मालकाने वहीत तिच्या नावापुढे 'आशा नाही' असं लाल शाईने लिहिलं होतं. ती गाडीत बसली, तिने आरसा नीट केला, आणि मग शिक्षिकेच्या तोंडाकडे बघून चावी फिरवायची थांबली.

"काय झालं, बाई?"

मग क्लचबाईंचा बांध फुटला. म्हातारे वकील, इस्त्रीचा शर्ट, आत्या, शनिवार, सगळं एका दमात बाहेर आलं. सगळं ऐकून झाल्यावर शिकाऊ बाईने विचारलं, "बाई, मी पोटापाण्यासाठी काय करते, माहीत आहे ना?"

"तुम्ही... कुठल्याशा ऑफिसात आहात ना?"

"ते ऑफिस माझंच आहे. या लाँड्रीच्या वरची खोली. सात महिने झाले इथे येऊन. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा, हेच बघते. पाटीसुद्धा लावली आहे, लाँड्रीच्या वाफेने जरा धुरकट झाली आहे, तेवढंच."

क्लचबाईंनी काचेतून वर पाहिलं. पाटी होती. दर मंगळवारी, गुरुवारी त्या या पाटीखाली गाडी उभी करत होत्या. जिला मागे गाडी घेता येत नाही ती कुणाची वकील असेल, हा विचारच कधी डोक्यात शिरला नव्हता. आणि मालकाच्याही शिरला नव्हता. हे कळलं आणि त्या सीटवर एकदम ताठ बसल्या.

"पण आमचे हे तुमच्याशीही बोलले असतील तर?" त्यांनी घाबरत विचारलं.

"तुमच्या ह्यांनी मला आजवर एकच वाक्य ऐकवलं आहे. 'ताई, हे तुमच्याने होणार नाही.' त्यात गुपित काही नाही." वकीलबाईंनी पिशवीतून कागद काढले. "वकील हवी आहे, असं तुमच्या तोंडून येऊ द्या. त्याशिवाय मी नुसती शिकाऊ."

"व्हा हो माझ्या वकील," क्लचबाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू यायच्या ऐवजी हसू आलं.

वकीलपत्रावर सही झाली. अर्ज वाचायला आणि उत्तराचा मसुदा लिहायला वकीलबाईंना वीस मिनिटं लागली. पण मसुद्याला जोडायचं आईचं निवेदन आईच्याच हातचं हवं होतं. मुलीचं रोजचं कोण काय करतं, तेवढंच, पण स्वतःच्या अक्षरात. आणि कोर्ट होतं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.

"तुम्ही लिहा. मी चालवते," वकीलबाई म्हणाल्या.

एरवी क्लचबाईंनी हे हसण्यावारी नेलं असतं. आता त्यांनी मुकाट्याने पेन उघडलं.

गाडीने दोन गचके दिले आणि निघाली. क्लचबाई मांडीवर फाइल ठेवून लिहू लागल्या. "मोठ्याने वाचत लिहा," वकीलबाई म्हणाल्या, "मला ऐकू येऊ दे."

"सकाळी साडेसहाला आम्ही तिला उठवतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"म्हणजे... मीच. हे आठला उठतात."

"मग 'मी' लिहा."

क्लचबाईंनी खोडून 'मी' लिहिलं. "आम्ही तिचा डबा भरतो. आम्ही तिला शाळेत सोडतो."

"कोण भरतं? कोण सोडतं?" समोर मोठा चौक आला होता, चारी बाजूंनी गाड्या. वकीलबाईंनी गिअर बदलला तो अगदी लोण्यातून सुरी फिरवावी तसा, आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता. "समोरच्या अर्जात त्यांनी काय लिहिलंय ठाऊक आहे? 'मी मुलीला शाळेत सोडतो.' आणि तुम्ही लिहिताय 'आम्ही'. म्हणजे त्यांच्या खोट्याला तुमचीच साक्ष."

क्लचबाईंची कानशिलं तापली. बारा वर्षं आम्ही, आम्ही म्हणून त्यांनी या माणसाला फुकटात अर्ध्या श्रेयाचं दान दिलं होतं. आम्ही ताप उतरेपर्यंत जागलो. आम्ही पाढे घेतले. जागणारी एकटी, पाढे घेणारी एकटी. त्यांनी नवा कागद घेतला आणि सुरुवातीपासून लिहायला घेतलं. मी उठवते. मी वेणी घालते. तिला पोहायला भीती वाटत होती तेव्हा मी आधी पाण्यात उतरले, मला पोहता येत नसताना. तापात ती माझाच हात धरते. लिहिताना त्यांना इतकं चढलं की पुलावरचा चढ केव्हा आला नि केव्हा गेला, त्यांना कळलं नाही. पेन थांबलं तेव्हा दोन पानं भरली होती आणि आपला पाय शिकवणाऱ्याच्या जादा ब्रेकवर नव्हताच, हे त्यांच्या ध्यानात आलं.

कोर्टाच्या आवारात शिरताना मात्र वकीलबाईंनी एक कुंडी आडवी केली. "राहू दे, राहू दे," म्हणत दोघी पळत सुटल्या.

पाचला सात मिनिटं होती. खिडकीसमोरच्या बाकावर मालक इस्त्रीच्या शर्टात बसला होता, शेजारी त्याचा वकील. बायकोला पाहून तो उठला. मग तिच्या मागे धापा टाकणारी कोण आहे ते त्याने पाहिलं आणि फिसकन हसला.

"हिला आणलंस? अगं, सहा वेळा नापास आहे ती."

"गाडीत," वकीलबाई म्हणाल्या. "तुमची परीक्षा मात्र आज आहे." आणि त्यांनी कागद खिडकीतून आत सरकवले.

कारकुनाने पानं मोजली, सही तपासली, घड्याळाकडे पाहिलं. मग शिक्का बसला, दाणकन, आणि तो म्हणाला, "उत्तर वेळेत आलं आहे. आता सुनावणी होईपर्यंत मुलगी आहे तिथेच राहील." मालकाने आपल्या वकिलाकडे पाहिलं. वकील चष्मा पुसायला लागला.

बाहेर पायऱ्यांवर येऊन क्लचबाईंनी शेजारच्या काकूंना फोन लावला. शाळा सुटल्यावर लेक त्यांच्याकडेच थांबायची. दोनदा चुकीचा नंबर लागला. काकूंनी फोन लेकीकडे दिला.

"बाळा, शनिवारी जायचं नाहीये. तू घरीच. बाबांनी भरायला लावलेली बॅग रिकामी करून टाक."

पलीकडे लेक खुदकन हसली.

"तिच्यात काही नाहीच आहे, आई," लेक म्हणाली. "बाबांना फुगलेली दिसावी म्हणून मी दोन उशा कोंबल्या होत्या. मला माहीत होतं, तू मला जाऊ देणार नाहीस."

क्लचबाई पायरीवरच बसल्या. वकीलबाईही शेजारी टेकल्या आणि त्यांनी आपला रुमाल पुढे केला.