इल्वाचा म्हातारा विद्यार्थी

बाळांनो, जरा डोळ्यांसमोर आणा बघू : समोर समुद्र, मागे पाइनची झाडं आणि मधोमध लाल मातीचं टेनिस कोर्ट. सबंध गावात एकच! मग संध्याकाळची छान वेळ कोणाला मिळणार?

आमच्या गावात ते जूनमधल्या दुहेरीच्या सामन्यावर ठरतं. जिंकेल त्याचं नाव उन्हाळाभर फळ्यावर, संध्याकाळच्या चौकटीत. गेली दोन वर्षं तिथे हाम्पुसचं नाव होतं. त्याची धाकटी बहीण इल्वा बिचारी सकाळी, कोर्ट दवाने ओलं असताना खेळायची. यंदा जिंकायचंच म्हणून ती इरेला पेटली, आणि नेमकी तिची जोडीदारीण आईबाबांबरोबर ग्रीसला गेली.

कोर्टाशेजारच्या पिवळ्या घरात नुकताच सिक्स्टेन नावाचा म्हातारा राहायला आला होता. कुंपणाशी तो बटाटे लावत होता.

“टेनिस खेळलायस कधी?” इल्वाने विचारलं. आमच्याकडे म्हाताऱ्यांनाही अरे-तुरेच करतात.

“थोडंफार.”

“चालेल. मी शिकवते.”

आता गंमत अशी, की सिक्स्टेनने तरुणपणी जगभरची मैदानं गाजवली होती. आम्हा मोठ्यांना ते ठाऊक होतं. पण आमच्याकडे स्वतःची बढाई मारणं वाईट, आणि दुसऱ्याने झाकलेला मोठेपणा उघडा करणं त्याहून वाईट. म्हणून मीही पंचाच्या खुर्चीत गुपचूप कॉफी पीत बसलो.

“अरे, रॅकेट आहे ती, फावडं नाही! कोपर वर!”

“असं?”

“अजून वर! आणि जाळीपाशी यायचं नाही. तुझा गुडघा कुरकुरतो.”

“बरं,” म्हणून सिक्स्टेनने कोपर कानापर्यंत नेलं.

सामन्याच्या दिवशी हाम्पुस खिदळला. “आजोबांना आणलंस होय? आरामखुर्ची विसरलीस की!”

“तू तुझं बघ,” इल्वा म्हणाली.

सिक्स्टेन गुणी विद्यार्थी. सांगितल्याप्रमाणे कोपर कानाशी धरून तो खेळला, आणि त्याचे चेंडू पतंगासारखे वर गेले. इल्वाच धावून धावून सामना बरोबरीत आणत होती. शेवटच्या गुणाला ती घसरून पडली. चेंडू तिच्या डोक्यावरून गेला.

“सिक्स्टेन! शिकवलेलं विसर! कसाही मार!”

सिक्स्टेनचं कोपर खाली आलं. ‘सट्’ असा आवाज झाला. चेंडू हाम्पुसच्या दोन पायांमधून जाऊन रेषेवर पडला. हाम्पुस अजून चेंडूची वाटच बघत होता.

“इल्वा आणि सिक्स्टेन जिंकले,” मी जाहीर केलं.

हाम्पुसच्या जोडीदाराच्या वडिलांना राहवलं नाही. “जिंकणारच! हा माणूस जगातल्या पहिल्या दहांत होता!”

सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. जणू भर पंगतीत कोणी मोठ्ठी ढेकर दिली होती.

“चीटिंग!” हाम्पुस ओरडला.

“खोटं! त्याला मी शिकवलंय!” इल्वा सिक्स्टेनकडे वळली. “थोडंफार म्हणालास ना? किती थोडंफार?”

सिक्स्टेन लाजला. “केस पिकेपर्यंत.”

इल्वाने वेणीचं टोक चावलं. मग गुडघ्यावरची माती झटकून ती फळ्यापाशी गेली. संध्याकाळच्या चौकटीतून तिने भावाचं नाव पुसलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं : ‘इल्वाची शिकवणी. विद्यार्थी : सिक्स्टेन.’ एकदा मागे वळून हाम्पुसचं पडलेलं तोंड पाहिलं, आणि सिक्स्टेनच्या खाली बारीक अक्षरांत त्याचंही नाव लिहिलं.