बैलाचं तिसरं घर

आजोबा वारले त्या वर्षी आमच्याकडे जमिनीवरून भांडण झालं नाही, कारण जमीन नव्हती. भांडण बेथलेहेमवरून झालं.

आमच्या गावात बेथलेहेम म्हणजे घरातल्या खोलीत, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शेवाळाचे डोंगर रचून उभा केलेला येशूजन्माचा देखावा. माणसं बोटाएवढी, लाकडाची, घरीच कोरलेली. नाताळच्या दुसऱ्या दिवशी खिडकीत कागदाचा तारा लागला, की त्या घराचं दार सगळ्या गावाला उघडं. कुणीही यावं, बघावं, घरच्यानं एकेका बाहुलीची गोष्ट सांगावी, पाहुण्यानं प्लमच्या दारूचा छोटा पेला घशाखाली घालावा आणि पुढच्या घरी जावं. चौथ्या-पाचव्या घरापासून सगळीच बेथलेहेमं सुंदर दिसायला लागतात.

आजोबांचं बेथलेहेम माझे बाबा आणि ओतकार काका या दोघा भावांनी वाटून घेतलं. गोठा आणि मरीया आमच्याकडे आली, योसेफ आणि बाळ काकांकडे गेले. त्यामुळे आमच्या गल्लीत योसेफ एकटाच मूल वाढवत होता आणि मरीया चार घरं सोडून रिकाम्या गव्हाणीकडे प्रेमानं बघत होती. फादर एकदा म्हणाले, हे काही बरं दिसत नाही. गावाचं मत मात्र वेगळं होतं. एका बेथलेहेमची दोन झाल्यामुळे पेलेही दोन झाले होते.

सगळं वाटून झालं आणि एक बैल उरला. तो आजोबांचा सगळ्यात सुंदर बैल होता, आणि दोघांपैकी कुणीच सोडेना. शेवटी ठरलं, एक वर्ष आमच्याकडे, एक वर्ष काकांकडे. त्याचे गाल फुगलेले होते. त्याची गोष्ट दोन्ही घरांत सांगितली जायची: आजोबा बैल कोरत असताना व्लास्ता आत्याला गालगुंड झालं होतं. ती समोर अंथरुणात बसलेली, आजोबांनी तिच्याकडे बघत बघत बैलाचे गाल कोरले. ऐकणारे हसायचे. आत्याही पाहुण्यांच्या घोळक्यात उभी असायची, हातात पेला घेऊन. तीही हसायची.

वाटणीत आत्याला काही मिळालं नाही. मुलीला बेथलेहेम कशाला, असं कुणी म्हटलं नाही. म्हणायची गरजच पडली नाही.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी आम्ही आजोबांच्या थडग्यावर मेणबत्त्या लावायला जमतो. गेल्या वर्षी आत्यानं मेणबत्ती लावली, हात झटकले आणि म्हणाली, "दादा, यंदा बैल माझ्याकडे."

"यंदा पाळी ओताची आहे," बाबा म्हणाले.

"मग ओता, तू दे."

"ताई, बैलाला बेथलेहेम लागतं," काका म्हणाले. "तुझ्याकडे काय आहे? फ्रिजवर ठेवणार?"

"बेथलेहेम करते."

"कोण?"

"मी."

काका इतके हसले की शेजारच्या थडग्यावरच्या बाईनं वळून पाहिलं. बाबा हसले नाहीत, त्यांना काळजी वाटली. "व्लास्ता, सत्तरी उलटली तुझी. बोट कापून घेशील."

"नऊ उरतील. आणि तुम्हा दोघांच्या तोंडातले दात कुणी केलेत?"

दोघांनी तोंडं मिटली. आत्यानं आयुष्यभर दवाखान्याच्या तळघरात बसून गावाच्या कवळ्या केल्या होत्या. निम्मं गाव तिच्या दातांनी जेवतं.

"बरं," काका शेवटी म्हणाले. "उभं कर बेथलेहेम. खिडकीत तारा लाव. लोक बघायला आले, तर बैलाचं बोलू."

"हिनेक, ऐकलंस ना?" आत्यानं मला विचारलं.

ऐकलं होतं. स्मशानातले सगळेच ऐकत होते, पण साक्षीला मी एकटाच उपयोगाचा होतो.

आजोबांचे कोरायचे चाकू बाबांच्या कपाटात होते आणि बाबांनी ते तिथेच ठेवले. आत्या निवृत्त होताना दवाखान्यातून स्वतःची हत्यारं घरी घेऊन आली होती, ती तिनं काढली: टोकदार, वाकडी, चमच्यासारखी, बघूनच दाढ दुखेल अशी. मी तिला जंगलातून शेवाळ आणून दिलं आणि सुताराकडून लाकडाचे तुकडे. पहिला मेंढपाळ सोललेल्या बटाट्यासारखा झाला. दुसराही तसाच, फक्त त्याला डोळे होते. आत्यानं दोघांकडे चष्म्यावरून पाहिलं.

"जमेल हळूहळू," मी म्हणालो.

"मला धीर देऊ नकोस. दिवा जवळ सरकव."

डिसेंबर लागला तेव्हा तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर माणसं उभी राहायला लागली होती. ओट्यावर व्हॅनिलाच्या बिस्किटांचं पीठ, त्याच्या शेजारी लाकडाचा भुसा. त्या वर्षीची बिस्किटं चावताना मी फार चौकशी केली नाही. अंगठ्याला पट्टी, तर्जनीला पट्टी. अंगं ओबडधोबड होती, हात कुणाचेच सारखे नव्हते. पण चेहरे बघून मी खुर्ची ओढली.

"आत्या, सगळ्यांची तोंडं उघडी का आहेत?"

"गात आहेत. ख्रिस्त जन्मलाय."

"हा तर नगराध्यक्ष आहे. हा कधी गातो?"

"तो बोलतोय. त्याचं मिटलेलं बघितलंयस कधी?"

दात मात्र एकेक वेगळे, तांदळाच्या कणीएवढे. आणि ते आजचे नव्हते. बसचा ड्रायव्हर, पोस्टातली रूझेना, बेकरीवाली म्हातारी, सगळ्यांचे आत्यानं त्यांच्या कवळ्या करण्याआधीचे मूळचे दात. पुढे आलेले, फट असलेले, एकावर एक चढलेले. कवळी करायची तर आधी तोंडाचा साचा घ्यावा लागतो. साचे दवाखान्यानं कधीच टाकून दिले होते, आत्याच्या डोक्यातून ते गेले नव्हते. फक्त बाळ येशूच्या तोंडात काही नव्हतं. "त्याला कुठले एवढ्यात," आत्या म्हणाली.

मग तिनं कापडाखालून आणखी एक तुकडा काढला. दोन माणसं एक बैल ओढत होती. एकानं शिंगं धरलेली, दुसऱ्यानं शेपूट. ओढताना दोघांचे दात विचकलेले. शिंगंवाल्याचा पुढचा दात अर्धा तुटका होता. बाबांचा दात लहानपणी काकांनी बर्फावरच्या घसरगाडीच्या दांड्यानं तोडला होता.

"आत्या, हे बाबांनी पाहिलं तर माझ्याशी बोलणार नाहीत."

"मग शांतपणे जेवशील."

तिनं तो तुकडा गोठ्याच्या दारासमोर शेवाळात रोवला. गोठ्याच्या आत, बाळाच्या उजव्या हाताला, एक जागा मोकळी होती. तिथलं शेवाळ तिनं तळहातानं दाबून सपाट केलेलं होतं.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिनं तारा लावला. मी पेले पुसून ठेवले. ती नवी शाल घेऊन खुर्चीत बसली. तिचं घर लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून खाली बघितलं तर माणसं थव्यांनी आमच्या गल्लीकडे चाललेली. आधी आमच्याकडे, मग काकांकडे, मग टेकडीवर. वर कुणी बघत नव्हतं. वर बघायची कुणाला सवयच नव्हती.

"तारा सरळ आहे ना?"

"आहे, आत्या."

"मग बस."

बसलो. कुणी येईना. बिस्किटांची थाळी मी एकट्यानं निम्मी केली.

"खाली जाऊन दोघा-तिघांना घेऊन येऊ का?" मी म्हटलं.

"हात धरून आणलेले पाहुणे ओता मोजणार नाही. मीही नाही."

"आणि कुणीच आलं नाही तर?"

"तर उद्या पुन्हा बसेन. फेब्रुवारीपर्यंत तारा उतरवायचा नसतो."

अंधार पडायला आला तेव्हा जिन्यात पावलं वाजली. रूझेना होती. गावातल्या बाकीच्यांना तिसरा मजला म्हणजे पर्वत, पण पोस्टातल्या बाईला काय त्याचं! "खालून तारा दिसला," ती धापा न टाकता म्हणाली. "म्हटलं, व्लास्ताबाईंनी पडदा बदलला की काय."

ती बघायला वाकली. नगराध्यक्षाला पाहून हसली, ड्रायव्हरला पाहून जास्त हसली. मग तिला ती स्वतः दिसली. खांद्याला पिशवी, आणि ओठांवर बसलेले पुढचे दोन दात.

ती हसायची थांबली. मी पेला पुढे केला, तो तिला दिसलाच नाही.

"हे माझे आहेत," ती म्हणाली.

"आधीचे," आत्या म्हणाली.

"लग्नाच्या वेळी काढून घेतले होते मी. सासू म्हणाली होती, फोटोत बरे दिसणार नाहीत." ती अजून जवळ वाकली. "आईचे असेच होते."

"तुझ्या आईचाही साचा माझ्याकडेच आला होता. तिचे थोडे डावीकडे कललेले होते."

रूझेनानं पेला घेतला, एका घोटात संपवला आणि निघून गेली. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच मला तिचा चेहरा थोडा घाबरलेला वाटला.

"रागावली बहुतेक," मी म्हणालो.

"असू दे. दात बरोबर आहेत."

थोड्याच वेळात जिन्यात गोंगाट झाला. रूझेना नवऱ्याला, दोन्ही मुलींना आणि अर्ध्या पोस्टाला घेऊन आली होती. पोस्टाला कळलं म्हणजे गावाला कळलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात रांग लागली. लोक गोठ्याकडे बघतच नव्हते, स्वतःला शोधत होते. सापडले की आधी हात तोंडाकडे जायचा, मग ओरडायचे. बेकरीवाल्या म्हातारीनं तर कवळी काढून हातात घेतली आणि बाहुलीशी ताडून पाहिलं. नगराध्यक्ष आले. स्वतःला पाहून त्यांचा चेहरा पडला, पण मागे जिनाभर मतदार होते, म्हणून ते सगळ्यांत मोठ्यानं हसले. ज्यांना आपण सापडलो नाही ते रुसले. आत्यानं त्यांना सांगितलं, पुढच्या वर्षी.

आणि जाताना प्रत्येक जण गोठ्याच्या दारासमोर थांबायचा. "कोण ओढतंय, विचारायला नको," म्हणायचा.

शुक्रवारी बाबा आणि काका पत्ते खेळायला पबमध्ये गेले. वर्षभर दोघे एकाच टेबलावर बसतात. त्यांचं भांडण फक्त बेथलेहेमपुरतं आहे. त्या दिवशी शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, "शेपूट, पत्ते पिस!" मग सगळा पब म्हणायला लागला. बिअर आणणारा पोरगाही म्हणाला, "शिंगाला एक बिअर, शेपटाला एक."

काका तिथून थेट आत्याकडे आले. तीन मजले चढून चेहरा लाल झालेला. मागोमाग बाबा, कारण काकांना एकट्याला बोलू देणं त्यांना धोक्याचं वाटलं.

"काढ ते," काका म्हणाले.

"काय?"

"माहीत आहे काय. आम्हाला काढ."

"हे तुम्ही कशावरून?"

"तो दात!" बाबा म्हणाले.

"अच्छा, दात ओळखलास." आत्या शाल सावरून बसली. "ओता, स्मशानात काय म्हणाला होतास?"

"ते मी गमतीत—"

"हिनेक, गमतीत म्हणाला होता का?"

"गंभीर वाटले होते," मी म्हणालो. बाबांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की पुढचा आठवडाभर माझं जेवण शांततेत होणार हे नक्की झालं.

"लोक आले," आत्या म्हणाली. "आता बैलाचं बोल."

"ताई, तुझं स्वतःचं एवढं सगळं झालंय. एक बैलही तूच कोरलायस की. तोच हवा कशाला?"

"तो बैल नाहीये. तो मी आहे. आपल्या बापानं तुम्हा दोघांना मेंढपाळ केलं, मला बैल केलं. माझी काही तक्रार नाही, गाल तसेच होते. पण सत्तरी उलटली तरी मला बघायला मला तुमच्या घरी यावं लागतं. वर तुम्ही मला पेला देता, पाहुणी म्हणून."

बाबांनी खिशातून रुमाल काढला, त्याची घडी पाहिली, परत ठेवला.

"आणि मी शेपूट का?" काकांनी शेवटी विचारलं. आवाज बराच खाली आलेला होता. "दादाला शिंगं, मला शेपूट."

"तू लहान ना," आत्या म्हणाली. "दादानं आधी पकडला."

रविवारी चर्च सुटल्यावर काका आले. बैल त्यांनी लोकरी टोपीत गुंडाळून कोटाच्या आत आणला होता. बाबा बरोबर होते, काका भलताच बैल तर देत नाहीत ना हे बघायला. "दर तिसऱ्या वर्षी तुझ्याकडे," बाबा म्हणाले. "आमचं दोघांचं ठरलंय." वाटणीनंतर त्या दोघांनी एकमतानं ठरवलेली ही पहिलीच गोष्ट.

"पहिलं वर्ष यंदाचं," आत्या म्हणाली.

तिनं टोपी उलगडली. बैलाच्या फुगलेल्या गालांवरून अंगठा फिरवला, पट्टी बांधलेलाच. मग त्याला गोठ्याच्या दारातून आत सरकवलं. शिंगं चौकटीला घासली नाहीत. गोठा तिनं त्याच्याच उंचीचा बांधला होता, नोव्हेंबरातच. बैल बाळाच्या उजव्या हाताला सपाट शेवाळावर उभा राहिला.

"आता आम्हाला काढ," काका म्हणाले.

आत्यानं हत्यारांतला बारीक चिमटा उचलला. तिनं तो ओबडधोबड बैल दोघांच्या हातांतून अलगद सोडवला आणि चुलीत टाकला. दोन्ही माणसं मात्र तशीच राहू दिली.

"अगं, आम्हाला!"

"गोठ्यासमोर उभे आहात. आणखी काय पाहिजे?"

ते अजून तिथे उभे आहेत. एकमेकांसमोर, हात पुढे केलेले, दात दिसताहेत, मधे काही नाही. येणारे पाहुणे बराच वेळ बघतात. कुणी विचारतं, "मिठी मारतायत का?" कुणी विचारतं, "कुस्ती आहे का?"

आत्या दोघांनाही हो म्हणते, आणि गालगुंडाची गोष्ट सांगायला घेते.