फोडल्याशिवाय वाटणी नाही

मी बांबूचा नळा बोलतोय. फिलिपिन्समधल्या इलोइलो शहराच्या बाजाराबाहेर तिया कोन्सिंगची, म्हणजे कोन्सिंगमावशीची, खानावळ आहे, शेवयांच्या गरम रश्श्याची. तिथल्या गल्ल्याजवळच्या खांबाला मला बांधलं होतं.

जन्म नदीकाठच्या बांबूच्या बेटातला. दोन्ही पेरं शाबूत ठेवून मला कापलं, अंगाला एक चीर पाडली. मला झाकण नाही, कुलूप नाही. गिऱ्हाईक खुशीने जे ठेवील ते माझ्या पोटात, कुणाच्या खिशात नाही, हा इथला नेम. जत्रेआधी मला फोडायचं आणि सगळ्यांनी सारखं वाटून घ्यायचं. वाटणी झाली की माझं काम संपलं. पण साठवलेलं दुसऱ्याच्या कामी आलं, तर फुटण्यातही पुण्यच की!

यंदा मात्र जोवी कुरकुरली. ती टेबलं सांभाळते. हसरी, पण जिभेने तिखट.

"तिया, नांग सालिंगला कसला वाटा? ती मागे मोरीवर. गिऱ्हाइकाला तिचं तोंडसुद्धा दिसत नाही!"

"तोंड बघून पैसे मिळत असते, तर तुला काय मिळालं असतं गं?" तिया म्हणाली खरी, पण तीही विचारात पडली.

सालिंग मोरीवर वाडगी धुते; वयाने मोठी, म्हणून सगळे तिला नांग, म्हणजे ताई, म्हणतात. वादळात तिच्या नवऱ्याच्या होडीचा तोल धरणारा बाजूचा बांबू मोडला होता. होडी वाळूवर, नवरा घरात. या वाट्यावरच सारी मदार. तिने गळ्यातल्या क्रूसाला नुसता हात लावला.

तियाने कोयता घातला. मी उभा चिरलो. नाणी घरंगळली, नोटा पसरल्या. कितीतरी नोटा सुरकुतलेल्या, कडक, रश्श्याचा वास येणाऱ्या.

"ह्या अशा गं कशा?" जोवीने विचारलं.

"लोक वाडग्याखाली ठेवतात," सालिंग हळूच म्हणाली. "तू घाईत वाडगी एकात एक रचून आणतेस, त्यांच्या बुडाला चिकटून मोरीत येतात. मी धुते, पातेल्याच्या झाकणावर वाळवते नि नळ्यात टाकते."

"अगं बाई! आणि मी वर्षभर म्हणतेय, माझ्याच टेबलांवर चिक्कू माणसं का बसतात!"

सगळे हसले. जोवीने स्वतः वाटे केले. पहिला सालिंगच्या ओंजळीत घातला. "घे नांग. नि दादल्याला म्हणावं, पहिली मासळी इकडेच आण."

चार दिवस झाले, मी दोन फाका होऊन चुलीशेजारी पडलोय. उद्या रश्श्याखाली जळेन. खांबाला नवा नळा बांधलाय. बाबांनो, वाडगं उचलण्याआधी खाली एकदा बघत जा.

होडीचा बांबू सालिंगला आमच्याच बेटातला मिळाला म्हणे. माझा थोरला भाऊ आज समुद्रावर गेलाय.