भागू सोमाजीची शाखा

संपत गुरुजींनी छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत पोरांची हजेरी घेतली आणि निवृत्त झाल्यावर भावकीची घ्यायला सुरुवात केली. बोरी बुद्रुकमधली त्यांची भावकी मोठी. मूळ पुरुषापासून आजच्या तान्ह्या पोरापर्यंत सगळ्यांची वंशावळ लावायची, पुस्तक छापायचं आणि गावच्या यात्रेत वाटायचं, हे त्यांनी मनावर घेतलं. मुलगा अमृत याने ऑफिसातला जुना कॉम्प्युटर घरी आणला होता. नात वृषाली नारायणगावात कॉम्प्युटरचा कोर्स करत होती. तिनेच आजोबांना माउस धरायला शिकवला, वंशावळीचं सॉफ्टवेअर घातलं आणि दर महिन्याला फ्लॉपीवर बॅकअप घ्यायची सवय लावली. तीन निळ्या फ्लॉप्या होत्या, त्यांवर गुरुजींच्या वळणदार अक्षरात तारखा.

"आजोबा, कॉम्प्युटर बसला तर फ्लॉपीवरून रिस्टोअर करायचं," ती सांगायची. "पण जपून. जुनं परत आणलं की ते नव्याच्या डोक्यावर बसतं. नवं पुसलं जातं."

गुरुजींनी ते वहीत लिहून ठेवलं होतं.

कामात एकच जागा त्यांना खुपत होती. पणजोबा सोमाजींना दोन मुलगे. थोरले सावळेराम, म्हणजे गुरुजींचे आजोबा, आणि धाकटा भागू. भागूबद्दल भावकीतले म्हातारे एवढंच सांगत, "लहानपणीच गेला." कुठं गेला, कशानं गेला, कुणी बोलत नसे. गुरुजींनी तसंच लिहिलं : भागू सोमाजी, लहानपणीच मयत. दिवाळीच्या फ्लॉपीवर ते तसंच गेलं; पुढचे बॅकअप बाकी दोन फ्लॉप्यांवर होत गेले.

मग दोन हजार दोनच्या महाशिवरात्रीला ते भीमाशंकरला गेले. पायऱ्यांच्या कडेला एक म्हातारी हिरडे आणि मध विकायला बसली होती. गुरुजींनी हिरडे घेतले. तिनं विचारलं, "कुठलं म्हनायचं पावणं?"

"बोरी बुद्रुक. जुन्नर तालुका."

म्हातारीनं त्यांच्याकडं टक लावून पाहिलं. "माज्या बापाचं गाव. भागू सोमाजी नाव व्हतं त्याचं."

गुरुजी तिथंच पायरीवर बसले.

तिचं नाव सखूबाई. भागू लहानपणी गेलाच नव्हता. विशीत असताना डोंगरातली एक विधवा बाई त्यानं घरात आणली, तेव्हा सोमाजीनं त्याला उंबऱ्याबाहेर काढला आणि 'मेला' म्हणून सांगितलं. भागू बायकोच्या मुलखात गेला, भात आणि नाचणी पिकवून राहिला, तिथंच म्हातारा होऊन वारला. पुढं धरणात त्यांची वाडी बुडाली आणि घरं वर डोंगरउतारावर आली.

नात्यानं सखूबाई गुरुजींची आत्या लागत होती. त्या वर्षात गुरुजी चार वेळा तिच्या वाडीवर गेले. मंचरहून एस्टी, मग अर्धा तास पायी. आत्या चुलीपुढं बसून नावं सांगायची. जगलेली, गेलेली, वाडी हलवल्यावर पहिल्याच पावसाळ्यात दगावलेली दोन लेकरंसुद्धा. एकूण सत्तेचाळीस माणसं. गुरुजी वहीत उतरवायचे, घरी आले की वृषाली टाइप करायची.

चौथ्या खेपेला आत्यानं विचारलं, "तुज्या मशीनीत गेलं ना समदं?"

"गेलं, आत्या. दोन फ्लॉप्यांवर पण घेऊन ठेवलंय."

"मंग वही मला दे. माज्यापाशी बापाचं काईच न्हाई."

गुरुजींनी वही दिली आणि छापलेलं पुस्तक स्वतः घेऊन येईन, असा शब्दही दिला.

पुढच्या जानेवारीत पुण्याला त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठ दिवसांनी हिरवी पट्टी लावून घरी आले, तर अमृत म्हणाला, "दादा, लाइटीचा झटका बसून कॉम्प्युटर गेला व्हता. नारायणगावच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या आदेशला बोलावलं. त्यानं फ्लॉपीवरून समदं परत घातलं. काळजी करू नका."

"भागूची शाखा आली का?"

"समदं आलं."

दुसऱ्या डोळ्यानं गुरुजींना धड वाचता येत नव्हतं. प्रेसची प्रुफं आली ती वृषालीनं शेजारी बसून मोठ्यानं वाचून दाखवली. भागूच्या पानावर ती क्षणभर थांबली, पाणी प्यायली आणि मग सखूबाई, तिचे भाऊ, त्यांची लेकरं, सगळी नावं वाचून गेली. गुरुजी डोळे मिटून मान डोलवत होते.

चैत्रात यात्रा आली. देवळापुढं मांडव घातला, गुरुजींना शाल-श्रीफळ दिलं, पुस्तकं वाटली. तोवर नवा चष्मा आला होता. लोक पाया पडत असताना त्यांनी मांडवातच भागूचं पान उघडलं. तिथं एकच ओळ होती. भागू सोमाजी, लहानपणीच मयत.

समोर दोन-अडीचशे माणसं बसली होती. वृषालीला बघून गेलेले मंचरचे पाहुणेही पहिल्या रांगेत होते. गुरुजींनी उठावं, माइक घ्यावा आणि सांगावं, एवढंच करायचं होतं. ते बसून राहिले. ही त्यांची पहिली चूक, असं पुढं ते स्वतःच मोजत.

दुसऱ्या दिवशी तिन्ही फ्लॉप्या घेऊन ते आदेशच्या दुकानात गेले. आदेशनं एकेक घालून पाहिली.

"गुरुजी, ह्या आदल्या दिवाळीच्या जुन्या फ्लॉपीत माल हाय. बाकी दोन्ही मोकळ्या."

"खराब झाल्या का?"

"खराब नाय. खराब असत्या तर उघडल्याच नसत्या. कुणीतरी फॉरमॅट करून पुसल्यात. आन मी तुमच्या घरी कधी आलो राव? मला तर कुणी बोलावलंच नाय."

घरी येईपर्यंत गुरुजींना धाप लागली होती. अमृत ओट्यावर बसला होता. त्यानं नाकारलं नाही.

"दादा, मंचरच्या पावण्यांनी इचारलं असतं, तुमच्यात हे डोंगरातलं कोण, काढून दिलेलं कोण, तर मी काय सांगणार व्हतो? तुमाला पुस्तक पाह्यजे. मला पोरगी उजवायचीय."

"खोटं बोलून उजवायची?"

"शंभर वर्सं मेलाच व्हता की तो! मी नव्यानं न्हाई मारला."

गुरुजींचा हात उठला होता. तेवढ्यात दारातून वृषाली म्हणाली, "आजोबा, बाबांना नका बोलू. फॉरमॅट म्हणजे काय हेसुद्धा त्यांना ठाऊक नाही. मी केलं. दिवाळीची जुनी फ्लॉपीही मीच परत घातली."

गुरुजींनी तिच्याकडं पाहिलं. मान खाली होती, पण आवाज कापत नव्हता.

"मला हेच स्थळ पाहिजे होतं," ती म्हणाली.

चार दिवसांनी गुरुजी पुस्तक न घेता वाडीवर गेले. आत्याला त्यांनी सगळं सांगितलं, नातीचं नावही लपवलं नाही. सखूबाईनं ऐकून घेतलं. गुळाचा कोरा चहा दिला. मग गुरुजी म्हणाले, "आत्या, वही दे. इथंच बसून उतरवून घेतो. पुरवणी छापतो, माझ्या खर्चानं."

म्हातारी हसली नाही, रागावलीही नाही.

"माज्या बापाला एकदा त्याच्या बापानं मारला. आता तुमी मारला. पुन्यांदा लिवून नेशीला, पुन्यांदा कुनाचं तरी लगीन निगंल. किती येळा मरायचं त्यानं? वही हितंच ऱ्हाऊ दे. आमची मानसं आमाला ठावं हायेत."

"आत्या, मी तसा नाही."

"मांडवात बोल्लास का मंग?"

शेवटच्या एस्टीला उशीर होईल म्हणून तिनंच त्यांना उठवलं. वाटेला लागल्यावर त्यांनी मागं पाहिलं, तर ती आत गेली होती.

घरी आल्यावर ते कॉम्प्युटरसमोर बसले. 'लहानपणीच मयत' एवढं पुसलं आणि आठवेल तसं भरू लागले. सखूबाई, तिचा भाऊ बहिरू, बहिरूचा जानकू. वीस-बावीस नावांवर गाडी अडली. तेव्हा त्यांना आठवलं, प्रुफं वाचताना नातीनं सगळीच्या सगळी वाचली होती. पानावर नसलेली नावं तिनं वाचली, म्हणजे तिला पाठ असणार. त्यांनी तिला हाक मारली. यात्रेनंतर पहिल्यांदाच.

"त्या दिवशी वाचलीस ती नावं सांग. मी लिहितो."

वृषालीनं पडद्यावरची नावं वाचली.

"आजोबा, मला निम्मीसुद्धा आठवत नव्हती. तुम्हाला संशय येऊ नये म्हणून बाकीची मी मनानंच घातली."

"कुठली?"

"आता नाही सांगता येणार."

गुरुजींनी आपण भरलेली नावं पुन्हा वाचली. बहिरू आत्यानं सांगितलेला, त्याबद्दल शंका नव्हती. पण त्याखालचा भिका? सोमा? चुलीपुढं ऐकलेली ती नावं की डोळ्यावर पट्टी असताना ऐकलेली? कितीही ताण दिला तरी त्यांना ठरवता येईना. छत्तीस वर्षांत त्यांनी अंदाजानं एका पोराचीही हजेरी मांडली नव्हती. एकेक करून त्यांनी नावं काढून टाकली. शेवटी तीनच उरली.

वैशाखात लग्न झालं. जेवणावळीत मंचरचे व्याही गुरुजींच्या शेजारी बसले होते. जिलेबीचा आग्रह करत म्हणाले, "गुरुजी, तुमचं पुस्तक आमच्या घरी समद्यांनी वाचलं. घराणं असावं तर असं. कुठं म्हणून डाग नाय."

गुरुजींनी पानावर आडवा हात धरला. "पुरे," एवढंच ते म्हणाले. व्याह्यांना वाटलं, जिलेबीला म्हणतायत.