समुद्रापल्याडचे भाऊबंद

"दुतोंड्या साप दिसला का पयला घाव घालायचा, इचार मागून." बापाचा हा आवाज जिवल्याच्या कानात लहानपणापासून होता. म्हणून बेटेगावपुढच्या टेकडीखाली बांध खणताना ओल्या मातीतून जांभळट, कडीकडीचं काही वळवळलं, तसं त्याने फावडं घातलं.

पालघरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकणारी त्याची लेक स्वाती धावत आली आणि तुकडे पाहून चिखलातच बसली.

"बाबा, हा साप नाय. देवगांडूळ हाय, बेडकाच्या गोतातला. हा आपल्याकडं ऱ्हातो हे सरांना पटत नाय, म्हणून आखा पावसाळा मी एक जिवंत शोधतेय."

"ईख नसतं याला?"

"नाय. याचे भाऊबंद पार समुद्रापल्याड सेशेल्स बेटांवर हायत."

"मग तारापूरहून होडी पकडून गेले काय?"

"खारं पाणी लागलं तरी मरतात ते. कोण कुठं गेलं नाय, बाबा. ती बेटं न् आपली जमीन एकच होती. कोट्यवधी वर्षांमागं जमीन फाटली, आणि हे दोन्हीकडं राहिले."

जिवल्याच्या हातून फावडं गळलं. उभ्या जन्मात त्याला पायाखालच्या भुईचं भय वाटलं नव्हतं, ते आता वाटलं.

त्याची बायको लाडकी शेणाची पाटी घेऊन उभी होती. नवऱ्याचा उतरलेला चेहरा पाहून ती हळूच म्हणाली, "तुमी माराल म्हनून इतकी वर्सं बोलले नाय. मला गावला का मी उकिरड्यात नेऊन सोडते. एक मादी आतापन तिथं अंड्यांना येटोळं घालून बसलीय."